बिनहाराची निळी गाडी

मी एक जुनी निळी मोटारसायकल आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवते, माझा कुणावर पटकन भरवसा बसत नाही. तुम्ही माझ्याभोवती जमलात, सीटवरून प्रेमानं हात फिरवलात, तरी माझं लक्ष तुमच्या दुसऱ्या हाताकडे असतं. पेट्रोलची नळी तर नाही ना काढत? आरसा तर नाही ना ढिला करत? राग मानू नका. माझ्यावर काय गुजरलं ते ऐकलंत, तर तुम्हीही म्हणाल, हिचं काही चुकत नाही.

माझा जन्म इथलाच, वाळूजच्या कारखान्यातला. मी जन्मले तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणायचे, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात; माझ्या नंबरप्लेटवर तेव्हाही एमएच वीस होतं, आजही तेच आहे. कारखान्यात एक माणूस माझे नट आवळायचा आणि त्यानं ते खरंच आवळलेत का, हे दुसरा तपासायचा. त्या दुसऱ्यावर नजर ठेवायला तिसरा उभा असायचा. म्हणजे संशय माझ्या बांधणीतच आहे म्हणा ना.

माझे पहिले मालक विम्याच्या कचेरीत होते. भला गृहस्थ. दर दसऱ्याला मला धुवायचे, टाकीवर हळदकुंकवाची बोटं ओढायचे, हँडलला झेंडूचा गच्च हार घालायचे आणि चाकाखाली लिंबू ठेवून मला पुढं काढायचे. त्या दिवशी मी अशी तोऱ्यात चालायची की विचारू नका. पुढं त्यांनी चारचाकी घेतली आणि मला विकून टाकलं. जाताना मागं वळूनही पाहिलं नाही. तिथं माझा माणसांवरचा पहिला राग.

मला घेतलं ते संघपालनं. पुंडलिकनगरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन तो आणि त्याची मोठी बहीण रूपा राहायचे. आईवडील देवगाव रंगारीला, शेतावर. रूपा वाळूजच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला होती आणि संघपाल लाईटफिटिंगची कामं करायचा. माझ्या मागच्या सीटला वायरची बंडलं, हँडलला पिशवीत टेस्टर, पक्कड, होल्डर, आणि त्याच्या खांद्यावर शिडी. अशी आमची वरात गल्लोगल्ली फिरायची. काम एकदम साफ. नोकरीवर जाणारी माणसं घराची किल्ली त्याच्या हातात देऊन बिनधास्त निघून जायची. संध्याकाळी आली की घरात उजेड आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे. लोक म्हणायचे, पोरगं लई सरळ आहे. मीही म्हणायचे, पण मनात, कारण मला तोंड नाही.

त्याच्याकडचा पहिला दसरा मला अजून आठवतो. सकाळी त्यानं मला साबणानं धुतलं, कापडानं पुसून लख्ख केलं. मी वाट पाहत उभी राहिले की आता हार येईल. हार काही आला नाही. हळदकुंकूही नाही. समोरच्या घरातली स्कूटर नवरीसारखी नटलेली आणि मी अशी सुकी. फार वाईट वाटलं मला. मग संघपाल पांढरा सदरा घालून आला, रूपा पांढरी साडी नेसून मागं बसली आणि आम्ही विद्यापीठाच्या मागं बुद्धलेणीवर गेलो. तिथं पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांचा नुसता पूर लोटलेला. तेव्हा कळलं की या घरचा सण त्याच दिवशी असतो पण वेगळा असतो. बाबासाहेबांनी ज्या दिवशी दीक्षा घेतली तो दिवस ही माणसं साजरा करतात, आणि गाडीची, हत्याराची पूजा त्यांच्यात नाही. कुणी समजावून सांगितलं की माझा रुसवा जातो. पुढच्या दसऱ्यांना मी हाराची वाट पाहिली नाही.

आता ऐका, कारण इथून माझी गोष्ट वाकडी होते.

मग एका वर्षी दसऱ्याला आम्ही लेणीवरून दुपारी परत आलो. रूपा मैत्रिणीकडे गेली. संघपालनं मला दारात लावलं आणि आत जाऊन झोपला. संध्याकाळी मागच्या गल्लीत आरडाओरडा झाला. वच्छलाबाई नावाची एक म्हातारी नातलगांकडे आपट्याची पानं देऊन परत येत होती, तेव्हा एक मोटारसायकलवाला अंगावर आला, गळ्यातली सोन्याची माळ ओढून पळाला. म्हातारी पडली आणि तिच्या कमरेचं हाड मोडलं. ती गाडी निळी होती. नंबरातले शेवटचे दोन आकडे म्हाताऱ्या डोळ्यांनी टिपले होते आणि ते माझ्या आकड्यांशी जुळत होते. मी तेव्हा दारात उभी होते, मित्रांनो, इंजिन थंडगार. पण गाडीची साक्ष कोण काढतो?

दोन दिवसांनी पोलीस आले. आधी मला नेलं, मग संघपालला. वच्छलाबाईंच्या घरच्यांनी तिला खुर्चीत बसवून ठाण्यात आणलं. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हीच ना?" म्हातारी दुखण्यानं कळवळत होती. तिनं माझा निळा रंग पाहिला, आकडे पाहिले आणि मान हलवली. झालं. माळ कधीच सापडली नाही, खरा चोर कोण तेही नाही. संघपालला सात वर्षांची सजा लागली.

खटला चालला तेव्हा रूपा घरची साक्षीदार, म्हणून तिला तिची पाळी येईपर्यंत कोर्टाच्या खोलीबाहेर बसवलेलं. संघपाल आत होता, पण पार मागं, पिंजऱ्यात. म्हातारीचा आवाज बारीक, निम्मं त्याला ऐकूच गेलं नाही. तो काही बोलायला उठला की त्याचाच वकील हातानं खाली बस म्हणायचा. रूपानं सांगितलं की आम्ही लेणीवर होतो, भाऊ घरी झोपला होता. बहीण आहे, भावासाठी असंच बोलणार, असं सगळ्यांनी धरलं. लोकांचा संशय कसा असतो बघा, जिथं हवा तिथं नसतो आणि जिथं नको तिथं आधी हजर.

मी ठाण्याच्या आवारात पडून राहिले. माझ्यासारख्या पन्नासेक असतील, एकमेकींवर रेललेल्या. चाकांतून वेल वर चढली. एका कुत्रीनं माझ्या पोटाखाली पिल्लं घातली. पहिल्याच महिन्यात कुणीतरी पेट्रोल काढून नेलं, मग आरसे गेले, मग बॅटरी. चोरीच्या आरोपात आणलेल्या गाडीची चोरी, आणि तीही पोलिसांच्या दारात. हसू नका. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या हाताकडे बघते.

मला तिथून सोडवलं रूपानं. कोर्ट म्हणेल तेव्हा गाडी हजर करीन, असं लिहून देऊन तिनं मला ताब्यात घेतलं आणि ढकलत ढकलत गॅरेजपर्यंत आणलं. तिला गाडी येत नव्हती. मैदानात शिकली. दोनदा मला घेऊन पडली, उठली, पदर खोचला आणि पुन्हा किक मारली. मग आम्ही दोघी फिरू लागलो: कँटीन, कोर्ट, वकिलांची ऑफिसं आणि कारागृहाची ती लांबच लांब भिंत. भिंतीबाहेर मला उभी करून ती आत भेटीला जायची. बाहेर आली की थोडा वेळ नुसती हँडल धरून उभी राहायची.

एकदा परत येताना तिनं मला रस्त्याच्या कडेला घेतलं आणि किल्ली बंद केली. आजूबाजूला कुणी नव्हतं. ती टाकीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "तू व्हतीस ना तिथं. खरं सांग. त्याच्या हातून झालं नसंल ना?"

सगळं शहर संशय घेत होतं ते एक वेळ ठीक. पण हिनं? जी त्याच्यासाठी माझ्यासारखं लोखंड ढकलत नेते, तिच्याही मनात किंतु शिरला होता. दिवसातून इतकी माणसं एकच गोष्ट सांगतात की शेवटी सख्खी बहीणही विचारात पडते. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, तो झोपला होता, मी दारात होते. पण किल्ली बंद होती, आणि चालू असती तरी काय उपयोग.

याच दिवसांत रूपाला वकीलबाई भेटल्या, सुलेखा नावाच्या. तरुण, काळा कोट, बोलणं चटचट. अपील त्या लढणार होत्या आणि फीचं नंतर बघू म्हणाल्या. मला लगेच वाटलं, ही कशाला फुकट लढते? हिचं काय यात? मी तिच्या स्कूटीशेजारी उभी असायचे तेव्हा तिच्या स्कूटीशीसुद्धा मी बोलले नाही.

सुलेखानं रूपाला बजावलं होतं, "ताई, त्या म्हातारीकडं जायचं नाय. तुमी गेल्या की ते म्हणतील साक्षीदाराला दम दिला. मग अपिलाचंही वाटोळं." रूपानं मान हलवली. आणि पुढच्याच रविवारी सकाळी मला काढून ती सरळ मागच्या गल्लीत वच्छलाबाईंच्या फाटकापुढं जाऊन उभी राहिली. मला माहीत होतं ती का आली. तिला अपिलासाठी काही नको होतं. तिला स्वतःच्या मनातला तो किंतु एकदाचा काढायचा होता, इकडं का तिकडं.

फाटकात वच्छलाबाईंचा मुलगा शिवराज उभा राहिला. हातात चहाचा कप, कपाळावर आठ्या.

"कोण पायजे?"

"आजींना भेटायचं व्हतं."

"तुमी त्याच्या बहीण ना? कोर्टात पाह्यलंय मी तुमाला. आन् ही गाडी घेऊन आमच्या दारात? दम द्यायला आल्या का?"

"नाय दादा. एकच इचारायचंय. इचारते आन् जाते."

"जे इचारायचं ते वकिलानं इचारलं. निघा. नायतर मी फोन लावतो." त्यानं खिशातून मोबाईल काढलाही.

मी म्हटलं, संपलं. आता पुन्हा ते आवार आणि ती वेल. पण आतून काठीचा टकटक आवाज आला आणि वच्छलाबाई दारात आली. "कोण हाय रे?" शिवराज म्हणाला, कुणी नाय, तू आत जा. ती काही आत गेली नाही. कंबर वाकडी करत एकेक पाऊल टाकत ती फाटकापर्यंत आली आणि तिची नजर माझ्यावर खिळली. माझं तर ऑइल गोठलं.

रूपानं तिथूनच विचारलं, "आजी, तुमी त्याचं तोंड पाह्यलं व्हतं का?"

"नाय गं बाई," म्हातारी म्हणाली. "डोक्यात हेल्मेट व्हतं त्याच्या, काळ्या काचेचं. मी तसंच सांगितलं कोर्टात, खोटं कामून बोलू? मी गाडी पाह्यली. लई जवळून पाह्यली." ती फाटक उघडून माझ्याजवळ आली. तिनं माझ्या हँडलवर हात ठेवला, झाडाच्या सालीसारखा हात. "हाच निळा. हीच. आता फक्त हार नाय तिला."

"कसला हार?"

"अगं, झेंडूचा. दसरा नव्हता का? इथं हँडलला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हार व्हता, मंदी आपट्याची पानं खोचलेली. गाडी अंगावर आली तवा ती फुलं मह्या तोंडावर आली. वास अजून जात नाय नाकातून. तेबी सांगितलं मी साहेबांना."

रूपानं माझं हँडल दोन्ही हातांनी धरलं. तिच्या हाताची पकड माझ्या दांड्यावर इतकी आवळली की क्लचची तार ताणली गेली. मग ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम वेगळाच आला, "आजी, आमी गाडीला हार घालत नाय."

"म्हंजी?"

"आमच्यात नाय तसं. दसऱ्याला आमी गाडी पुजत नाय, हळदकुंकू लावत नाय, हार घालत नाय. आमी त्या दिवशी लेणीवर व्हतो. ही गाडी आमच्याकडं आल्यापासून हिला एकबी हार पडला नाय."

शिवराज फाटकाला टेकून हसला, कडवट. "आता म्हणायला काय जातं?"

त्याचंही खरं होतं म्हणा. मीही असंच म्हटलं असतं. वच्छलाबाईनं मात्र त्याच्याकडं पाहिलं नाही. ती रूपाकडं पाहत राहिली. "कधीच नाय?" तिनं विचारलं. "कधीच नाय," रूपा म्हणाली. म्हातारी वळली आणि आत निघून गेली. शिवराजनं फाटक लावलं. वाटेत रूपा हेल्मेटच्या आत रडत होती, पण गाडी मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ चालवत होती. तिच्या मनातला किंतु गेला होता.

सुलेखाला हे कळलं तेव्हा ती आधी भडकली, जायचं नाही म्हटलं होतं म्हणून. मग हार ऐकला आणि कोर्टाच्या पार्किंगमध्ये माझ्याच सीटवर मटकन बसली. "ताई, हार कागदात आहे," ती म्हणाली. "मी वाचलाय. कितीदा तरी वाचलाय आन् पुढं गेलेय. मी स्वतः लेणीवर जाणाऱ्या घरातली, माझ्या स्कूटीला आजवर हार घातला नाय, तरी माझ्या डोक्यात आलं नाय."

तेव्हा मला कळलं काय झालं होतं ते. कोर्टाच्या त्या खोलीतल्या प्रत्येकानं, वकिलांनी, साहेबांनी, शिपायांनी, दसऱ्याला आपापल्या गाडीला हार घातला होता. दसऱ्याची गाडी म्हटल्यावर हार असणारच. हार हा शब्द त्यांच्या कानांवरून वाऱ्यासारखा गेला. हार नसलेलीही गाडी असते, हे कुणाच्या ध्यानीमनीच नव्हतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं आणि एक माणूस आत गेला होता.

आता सगळं वच्छलाबाईवर होतं. लेणीवरचे फोटो सुलेखानं लोकांच्या मोबाईलमधून शोधून काढले, त्यात मी कडेला उभी, हाराशिवाय. पण ते दुपारचे. समोरचे वकील म्हणणार, संध्याकाळी घातला असेल. म्हातारीनं स्वतः उभं राहून सांगायला हवं होतं की मी पाहिलेली गाडी हाराची होती आणि आता मला त्या गाडीची खात्री नाही. आणि ती कशाला सांगेल? तिचं सोनं गेलं, हाड मोडलं. गुन्हेगार सापडलाय या समाधानावर ती झोपत असणार. ते समाधान कोण आपल्या हातानं मोडतं? मी तर पैज लावली असती की ती येणार नाही.

मित्रांनो, ती आली. बरेच दिवस गेले मध्ये. शिवराज तिला अडवत होता, हे नंतर कळलं. "लोक म्हणतील पैसे खाल्ले," असं तो म्हणाला होता, आणि म्हातारी म्हणाली होती, "म्हणू दे. मला रोज राती तोच हार दिसतो, आन् त्या पोरीचं तोंड दिसतं." मोठ्या कोर्टानं तिला पुन्हा बोलावून ऐकून घ्यायचं ठरवलं, त्या दिवशी शिवराजनंच तिला गाडीतून आणलं. तोंड फुगलेलं, पण हात धरून पायऱ्या चढवल्या. मी पार्किंगमधून पाहत होते. शेवटपर्यंत मला वाटत होतं की ही आत जाऊन फिरेल. फिरली नाही. रूपा बाहेर आली आणि माझ्या टाकीवर डोकं ठेवून म्हणाली, "सांगितलं गं तिनं. समदं सांगितलं."

काही दिवसांनी संघपाल सुटला. निर्दोष.

इथं गोष्ट संपायला हवी होती ना? मलाही तसंच वाटलं. भिंतीबाहेर तो आला तेव्हा किती वाळला होता. रूपानं मला त्याच्यापुढं केलं, तर म्हणाला, "तूच चालव." मागं बसून घरी आला.

गल्लीत लोक बोलायचे. बरं झालं सुटला, असं तोंडावर. आणि चहाच्या टपरीवर माझ्या शेजारीच उभे राहून, "सुटला म्हणजे काय, पुरावा कमी पडला आसंल." मी सगळं ऐकत होते. जुन्या गिऱ्हाइकांकडं तो गेला, तर कुणाकडं दुसरा माणूस लागलेला, कुणाला सध्या काम नव्हतं, कुणी दारातच बोलून दार लावून घेतलं. खिशात कोर्टाचा कागद घेऊन फिरायचा बिचारा, दाखवायचा. लोक वाचल्यासारखं करायचे आणि त्यांची नजर आपल्या कपाटाकडं जायची. दोन महिने माझ्या हँडलला टेस्टरची पिशवी लागली नाही.

मग एक दिवस शिवराज दारात आला. म्हणाला, "आईनं बोलावलंय. घरातली वायरिंग जुनी झालीय, सारखा फ्यूज उडतो. ती म्हणती, दुसऱ्या कुणाचा हात नाय लागायचा." संघपाल नाही म्हणाला. शिवराज गेल्यावर रूपा एवढंच म्हणाली, "जायचं तर जा. नाय तर नको. पर ती उगाच बोलवणारी बाई नाय." दुसऱ्या दिवशी सकाळी संघपालनं पिशवी काढली, टेस्टर खरोखर चालतो का ते पाहिलं, आणि इतक्या काळानंतर पहिल्यांदा स्वतः माझ्यावर बसला. पहिल्या दोन किका वाया गेल्या.

मी वच्छलाबाईच्या फाटकाशी उभी राहिले. दार उघडं होतं, मला आतलं सगळं दिसत होतं. माझं जुनं दुखणं उफाळून आलं. हा डाव तर नाही? आता घरातून काहीतरी गायब होईल आणि पुन्हा बोट याच्याकडं जाईल. शिवराज कामाला निघाला, निघताना एकदा आत, एकदा माझ्याकडं पाहून गेला. घरात म्हातारी आणि संघपाल, दोघंच.

वच्छलाबाईनं काठी घेतली आणि म्हणाली, "तू कर बाबा काम. मी भाजी घेऊन येते. घर तुह्याच हवाली."

मला कळलं तिला काय दाखवायचं होतं. मोठ्या मनानं करत होती ती. पण संघपाल शिडीवरून भरकन खाली उतरला. "नाय आजी. तुमी कुठं जाऊ नका. घरात कुणी नसंल तर मी नाय थांबणार. तुमी माझ्यासमोर बसा."

"अरे, मह्या मनात काय नाय आता."

"माझ्या मनात हाय, आजी," तो म्हणाला. "तुमी बसा फक्त."

म्हातारीनं काठी ठेवली आणि खुर्ची ओढून दारात बसली. काम सुरू झालं. जुनी वायर निघाली, नवी चढू लागली. दुपार झाली, ऊन आत सरकलं, आणि म्हातारं माणूस ते, खुर्चीतच डुलकी लागली. मान एका बाजूला कलली.

संघपालनं वरून पाहिलं. हातातलं काम होतं तिथं सोडलं, आवाज न करता शिडी उतरला, तिच्या कडेनं अंग चोरून बाहेर आला आणि माझ्याजवळ उन्हात जमिनीवर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याला नीट दिसतील असे ठेवून. झोपलेल्या माणसाच्या घरात तो एक मिनिटही थांबायला तयार नव्हता. हार नसलेल्या गाडीनं त्याला सोडवलं होतं, कोर्टानं कागद दिला होता, तरी तो उन्हात बसून होता. मला रडता येत असतं तर मी तिथं रडले असते.

किती वेळ गेला कोण जाणे. वच्छलाबाई दचकून जागी झाली, आत शिडी रिकामी पाहिली, मग बाहेर पाहिलं. "काम सोडून इथं कामून बसला रे उन्हात?"

"तुमचा डोळा लागला व्हता," तो म्हणाला.

म्हातारी खुर्चीतून उठली. पदरानं डोळे पुसले, उघड उघड. मग म्हणाली, "चल आत. मी जागीच हाय आता." आणि ती खुर्चीत बसली आणि बोलायला लागली. बोलतच राहिली. दौलताबादचं माहेर, तिथले पेरू, किल्ल्याखालच्या शाळेतली मास्तरीण, सासूचा स्वभाव, शिवराजचं लहानपणीचं तोतरं बोलणं. संघपाल वर शिडीवर भिंतीकडं तोंड करून काम करत होता, तिला पाहू शकत नव्हता. पण तिचा आवाज थांबत नव्हता, म्हणजे ती जागी होती. घसा बसला तरी पाणी पिऊन ती पुन्हा बोलायची. दिवस कलेपर्यंत मी फाटकाशी उभी राहून ऐकत होते.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी सांगणार नाही. ऑइल बदललं की माझं भागतं. पण तुमच्या गल्लीत कुणी असं न केलेल्या गुन्ह्याची सजा भोगून परत आलं, तर लांबून भरवसा दाखवून मोकळे होऊ नका. आम्ही भरवसा विसरलेले लोक आहोत, आमचा पटकन बसत नाही. त्याला काम द्या, आणि तो म्हणेल तोवर त्याच्याजवळ बसून बोलत राहा.